पहिली पोळी

आमच्या निरगुडकरांनी कुमुदकाकूच्या साठीला फरीदाबादच्या एका हॉलमध्ये समारंभ केला. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि एक पितळी पाटी दिली. पाटीवर कोरलं होतं, 'आमची अन्नपूर्णा'. माझे बाबा, म्हणजे काकूचे मोठे दीर भालचंद्र निरगुडकर, केंद्र सरकारचे निवृत्त अधिकारी, माईक हातात धरून बोलायला उभे राहिले. म्हणाले, "कुमुदने तीस वर्षं या घराला जेवू घातलं. तिला बाहेर पडायची कधी हौसच नव्हती. स्वयंपाकघर हेच तिचं जग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली गुलाबजामची वाटी तिथेच आपटावी असं वाटलं. आपटली नाही. टाळ्या वाजल्या आणि त्यात मीही वाजवल्या, यांत्रिकपणे. काकूने शाल घेतली, तिची चार घड्यांची घडी केली आणि शेजारी बसलेल्या माझ्या आईला हळूच म्हणाली, "पनीर आंबट लागतंय. कालचं असणार."

एवढंच ती बोलली. बाबा खोटं बोलत होते हे त्या हॉलमध्ये चार माणसांना माहीत होतं. बाबांना, आईला, मला आणि काकूला. काकूला माहीत आहे हे मला त्या दिवशी कळलेलं नव्हतं, ते दोन दिवसांनी कळलं.

आधी तिची ओळख करून देते, कारण त्या पितळी पाटीने ती होणार नाही.

कुमुदकाकू साताऱ्याकडची. मॅट्रिक झालेली. बळवंतकाकाशी लग्न करून फरीदाबादच्या आमच्या सेक्टरमधल्या घरात आली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. काका ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. घरात आजोबा, म्हणजे भाऊसाहेब, माझे आईबाबा, मग मी, मग काकूची स्वानंदी, आणि बाबांची एक लग्न न झालेली बहीण. हे झाले कायमचे आठ. त्याखेरीज महाराष्ट्रातून दिल्लीला जे कोणी यायचं, ते आमच्याकडे उतरायचं. कुणाची यूपीएससीची मुलाखत, कुणाला मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचंय, कुणाची मंत्रालयात फाईल अडकलेली. येण्याआधी पत्र टाकायची पद्धत नव्हती. दारात बॅग ठेवून "आलो बुवा" म्हटलं की पान मांडायचं. त्यामुळे ताटं अकरा, कधी तेरा.

त्र्याण्णव साली काकाचा कारखाना बंद पडला. बाजार उघडला, बाहेरचा माल आला, आणि आमच्या गल्लीतल्या चार घरांत एकाच महिन्यात माणसं दुपारी घरी दिसायला लागली. काकाने विम्याची एजन्सी घेतली आणि पेपर वाचायला लागला. त्या दिवसापासून घरात एक गोष्ट न बोलता ठरून गेली. भालचंद्र कमावतो, बळवंत बसून खातो, तेव्हा बळवंतच्या बायकोने राबून ते फेडायचं. हे कुणी तोंडाने म्हणालं नाही, आम्ही फार सुसंस्कृत माणसं. पण माझी आई शालिनी बँकेत जायची, आत्या शाळेत शिकवायला जायची, आणि संध्याकाळी दोघी पाय वर घेऊन बसल्या की काकू चहा आणून द्यायची. पहाटे पाचला उठलेल्या बाईने. अजून ते आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

आणि पैसे किती द्यायचे तिच्या हातात? कारखाना चालू असताना दोघा भावांचं मिळून जेवढं येई, त्याच्या निम्मे. ताटं तेवढीच. चवीच्या तक्रारी मात्र दुप्पट.

आता ऐका ती काय करायची. बाजारात ती दुपारी जायची नाही, दिवेलागणीच्या जरा आधी जायची, भाजीवाले गाड्या आवरायला लागले की. थंडीत फ्लॉवर स्वस्त, तर फ्लॉवरची फुलं बटाट्याबरोबर आणि दांडे-पाला वेगळा, बारीक चिरून, डाळीचं पीठ पेरून. मुळा घेतला की पाला फुकट, त्याची भाजी एक दिवस आणि मुळ्याची दह्यातली कोशिंबीर दुसऱ्या दिवशी. मटार तर पोत्याने यायचा. दाणे सोलून झाले की आमच्या शेजारीण पंजाबी आंटी सालं गायीला टाकायच्या. काकू ती मागून घ्यायची. प्रत्येक साल उलटं मोडून आतला तो पारदर्शक पापुद्रा काढायचा आणि उरलेलं कोवळं साल चिरून भाजी. हे काम किती किचकट असतं ते करून बघा एकदा. दीड तास लागायचा. ती भाजी खाताना माझे बाबा म्हणायचे, "वा, आज काहीतरी नवीन!" कशाची आहे ते त्यांनी आयुष्यात विचारलं नाही.

हरियाणात बाजरी स्वस्त मिळे आणि दूध घालायला येणारी गुज्जर गवळण ताक जवळजवळ फुकट देई. म्हणून आठवड्यात तीन रात्री भाकरी आणि ताकाची कढी. शेंगदाण्याचा कूट ती इतक्या बेताने वापरायची की भाजीला चव यावी आणि डबा महिनाभर पुरावा. एक गोष्ट मात्र तिने कधी केली नाही. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी घातलं नाही. "पाणी घालून आमटी वाढवणारी बाई मी नाही," असं ती ठणकावून सांगायची. त्याऐवजी पटकन डाळीचं पीठ भाजायची, लसूण ठेचायची आणि पिठल्याचा दुसरा पदार्थ उभा करायची. तेरावा पाहुणाही पोटभर जेवून उठायचा. उठताना म्हणायचा, "साक्षात अन्नपूर्णा हो!" आणि भाऊसाहेब आजोबा मान डोलवायचे, जणू पिठलं त्यांनीच हाटलंय. या 'अन्नपूर्णा' शब्दाचा मला मनस्वी संताप आहे. तो शब्द म्हटला की मजुरी द्यावी लागत नाही.

माझ्यावर तिचा जीव होता. आई बँकेत, त्यामुळे मी तीन महिन्यांची असल्यापासून काकूच्या मांडीवर. शाळेच्या डब्यात मला काय हवं ते मी आदल्या संध्याकाळी चिठ्ठीवर लिहून मिसळणाच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवायची. तेही इंग्रजीत, कॉन्व्हेंटचा तोरा म्हणून. 'नो तुरई प्लीज.' 'मेथी पराठा यस.' काकूला इंग्रजी येत नाही असं घरात सगळे धरून चालले होते. मग माझ्या चिठ्ठ्यांप्रमाणे डबा बरोबर कसा यायचा, याचा विचार कुणी केला नाही. मीही नाही.

आणि पहिली पोळी माझी होती. त्याचं असं की आमच्या गल्लीत सगळ्या घरांत तव्यावरची पहिली पोळी गायीची. सकाळी गाय दारोदार फिरायची आणि बायका हातावर पोळी धरून उभ्या असायच्या. आंटी काकूला म्हणायच्या, "कुमुद, तुम्हारे यहाँ गाय की रोटी नहीं निकलती?" काकू हसून म्हणायची, "हमारे यहाँ अप्पू है ना, वही खाती है." सकाळी साडेसहाला मी गणवेश घालून शेगडीशी उभी राहायची. पहिली पोळी उतरली की काकू तिला तूप लावायची, गूळ चुरडायची, सुरळी करून माझ्या हातात द्यायची. तूप घरात आजोबांच्या भातापुरतं असायचं. त्यातलं अर्धा चमचा रोज माझ्या पोळीला जायचं. दुसरी पोळी स्वानंदीची. तिलासुद्धा दुसरी.

शहाण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. एका रविवारी बाबांनी सूदसाहेबांना जेवायला आणलं. सूदसाहेब वीस वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर होते. सरकारी नोकरी सोडून नोएडातल्या एका नव्या कंपनीत मोठ्या जागेवर गेले होते. काचेची इमारत, ऐंशी माणसं, आणि बाहेर चहाच्या टपरीशिवाय काही नाही, कारण तेव्हा नोएडाच्या त्या भागात नुसती शेतं आणि खांब होते. त्या दिवशी काकूने मटाराच्या सालांची भाजी, वालाची उसळ, कढी आणि गूळ घालून केलेला दुधीचा हलवा केला होता. सूदसाहेब तीनदा भाजी मागून जेवले आणि त्यांनी विचारलं, कशाची आहे. आमच्या घरात हा प्रश्न विचारणारा पहिला पुरुष.

काकूने दारातून सांगितलं, "मटर के छिलके की है, भाईसाब."

सूदसाहेब हातात घास घेऊन थांबले. मग बाबांना म्हणाले, "भालचंद्रजी, मैं तीन महीने से कैंटीन के लिए आदमी ढूँढ रहा हूँ. ठेकेदार आते हैं, तेल में डुबाकर चले जाते हैं. भाभीजी, आप हमारी कैंटीन सँभालेंगी? दो लड़के काटने-धोने को मिलेंगे. कंपनी की बस बदरपुर बॉर्डर से ले जाएगी, शाम को छोड़ देगी."

बाबा मोठ्याने हसले. काकू हसली नाही. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "सोचकर बताती हूँ. आप लेटर भेज दीजिए."

त्या दिवसानंतर काकू बदलली. म्हणजे स्वयंपाक तोच, वेळा त्याच, पण ती पोळ्या लाटताना गुणगुणायची. मला विचारायची, "अप्पू, ऐंशी माणसांना डाळ किती लागेल ग?" आणि स्वतःच हिशेब करून उत्तर द्यायची. एका दुपारी गच्चीवर मी ऊन खात होते, ती गहू निवडत होती, तेव्हा ती सरळ म्हणाली, "मला दोन खोल्या घ्यायच्यात अप्पू. कुठेही, नोएडात, बदरपूरला, कुठेही. मी, तुझा काका आणि स्वानंदी. संध्याकाळी तिघांपुरत्या पोळ्या करीन आणि शेगडी बंद. स्वानंदीला पहिल्यांदा नवा गणवेश शिवीन, तुझा जुना नको."

माझ्या अंगावरचा जुना गणवेशच स्वानंदीच्या अंगावर जातो हे मला तोपर्यंत कधी टोचलं नव्हतं. त्या दिवशीही फारसं टोचलं नाही, खरं सांगते. मला एवढंच ऐकू आलं, की काकू जाणार.

मग ती पत्राची वाट बघायला लागली. पोस्टमनची सायकल गल्लीत वळली की लाटणं हातात घेऊन फाटकापर्यंत जायची. बाहेरून आली की मला विचारायची, "डाकिया आला होता का ग?" जानेवारीभर हे चाललं.

पत्र आलं जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी, काकू स्वानंदीला घेऊन बाजारात गेली असताना. पाकिटावर टाईप केलेलं होतं, मिसेस कुमुद निरगुडकर. बाबांनी ते फोडलं. वाचलं. आई शेजारी होती, तिने वाचलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बाबांनी मला टेबलाशी बोलावलं, कोरा कागद पुढे ठेवला.

"अप्पू, तुझं अक्षर सुरेख आहे. जरा लिही. काकूच्या वतीने उत्तर द्यायचंय."

"तुम्हीच लिहा ना," मी म्हटलं.

"सूद माझं अक्षर ओळखतो."

मला तेवढ्यात सगळं कळलं. चौदा वर्षांच्या पोरीला कळत नाही असं कुणी म्हणू नये. मी म्हटलं, "पण बाबा, काकूला जायचंय. ती वाट बघतेय."

"तिला काय समजतंय? आपल्या घरातली बाई नोएडात जाऊन ऐंशी परक्या पुरुषांना वाढणार? माझ्या ऑफिसात तोंड कसं दाखवू? बळवंतला पोसायला मी कमी पडतो असं दिसेल." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि आजोबांचं पथ्य कोण बघणार? तुझा डबा कोण करणार? आई करणार आहे का?"

टीव्हीसमोरून आईने मान वळवली नाही.

मी लिहिलं. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेले. फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज. रिग्रेट. ऑनर्ड. शेवटी सहीची जागा आली तेव्हा बाबा म्हणाले, "तिचं नाव घाल." मी 'कुमुद निरगुडकर' लिहिलं, खाली एक वळणदार रेघ मारली. आणि, हे सांगायची लाज वाटते, सही छान जमली म्हणून मला बरं वाटलं. माझ्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. मला माझा मेथी पराठा हवा होता, साडेसहाची तूपगुळाची पोळी हवी होती, आणि त्यासाठी मी एका बाईच्या दोन खोल्या विकून टाकल्या.

काकू बाजारातून आली. पिशवीत मुळे होते. तिने विचारलं, "डाकिया आला होता का ग?"

मी म्हटलं, "नाही."

फेब्रुवारी संपेपर्यंत ती विचारत राहिली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी तिने अकरा जणांचा स्वयंपाक दहाच्या आत उरकला, चांगली निळी साडी नेसली आणि म्हणाली, "पहाडगंजला जाते. गोड्या मसाल्याचं दगडफूल संपलंय, घाऊक दुकानातून आणते." मसाल्याला अजून महिना अवकाश होता. कुणी विचारलं नाही. संध्याकाळी ती परत आली तेव्हा पिशवी रिकामी होती. "दुकान बंद होतं," म्हणाली, साडी बदलली आणि कणीक मळायला बसली. रात्रीची आमटी नेहमीसारखीच झाली होती. मीठही बरोबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेगडीशी उभी राहिले. पहिली पोळी उतरली. काकूने तूप लावलं, गूळ घातला, सुरळी केली आणि माझ्या शेजारून बाहेर गेली. फाटकापाशी गाय उभी होती. तिने पोळी गायीला घातली. दुसरी स्वानंदीला दिली. तिसरी कोरडी माझ्या ताटात टाकली, सगळ्यांना मिळते तशी.

आंटी खूश झाल्या. "चलो, कुमुद अब दिल्लीवाली हो गई!" मीही तेच समजले. शिवाय मी मोठी झाले होते, शेगडीशी उभं राहून खायचं वय नव्हतं, अशी मी माझी समजूत घालून घेतली. चिठ्ठ्या मी ठेवत राहिले. डबा चिठ्ठीप्रमाणेच येत राहिला. मी बारावी होऊन पुण्याला जाईपर्यंत चार वर्षं तिने एकदाही डबा चुकवला नाही आणि एकदाही पहिली पोळी मला दिली नाही.

बाकी आयुष्य सांगायला फार नाही. आजोबांचं ती शेवटपर्यंत करत होती. आत्याचं लग्न झालं नाहीच, तिचंही गुडघ्याचं दुखणं काकूनेच काढलं. बळवंतकाका दोन हजार सहाला गेला. स्वानंदी शिकली, स्वतःच्या हिमतीवर. नोकरीला लागली, आणि कालव्यापलीकडच्या, 'नहरपार' म्हणतात त्या नव्या वस्तीत बाराव्या मजल्यावर तिने कर्ज काढून फ्लॅट घेतला. आईला म्हणाली, चल. काकू त्या दिवशी आमच्या घरातून निघाली तेव्हा तिच्याबरोबर दोन पिशव्या होत्या. तीस वर्षांच्या मुक्कामाच्या दोन पिशव्या! माझे बाबा फाटकापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "आमच्या जेवणाचं काय आता?" हा माणूस माझा बाप आहे, म्हणून मी अजून यापुढे काही लिहीत नाही.

तर समारंभानंतर दोन दिवसांनी मी सकाळीच काकूकडे गेले. सुट्टी संपत आली होती, पुण्याला परतायचं होतं, पण बाबांचं ते 'हौसच नव्हती' माझ्या कानातून जाईना. स्वानंदी आत ऑफिसची तयारी करत होती. काकू ओट्याशी कणीक मळत होती. पितळी पाटी कोपऱ्यात उभी केली होती आणि तिला टेकवून कांद्याबटाट्याची टोपली ठेवली होती.

मी सांगून टाकलं. पत्र आलं होतं, बाबांनी फोडलं, उत्तर मी लिहिलं, सही मी केली. बोलताना मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आवाज चढत गेला. मी बाबांना शिव्या घातल्या, आईला घातल्या, स्वतःला घातल्या. अठरा वर्षांचा राग मी त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात ओतला.

काकूने कणकेवर ओलं फडकं टाकलं. म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय?"

"मी गेले होते ना नोएडाला. निळी साडी नेसून गेले होते बघ. सूदसाहेबांच्या ऑफिसात तासभर बसले. ते म्हणाले, भाभीजी, आपने तो मना कर दिया. मी म्हटलं, मी कधी? त्यांनी फाईल काढली." तिने हात धुतले. "वायची शेपटी तू अशी गोल वळवायचीस. 'मेथी पराठा यस'मधला वाय. रोज वाचत होते मी. पहिल्या ओळीत ओळखलं."

मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस त्यांना? हे पत्र माझं नाही म्हणून?"

"काय सांगायचं? माझ्या घरातल्या पोरीने खोटी सही केली? आणि सांगून उपयोग काय होता? दुसरी बाई लागली होती त्या जागी. कँटीनमधून वास येत होता, जिरं जाळलं होतं तिने." जिऱ्याचा राग तिला अजून होता. "मोठ्या भाऊजींचं अक्षर असतं ना अप्पू, तर मी त्या रात्री घर डोक्यावर घेतलं असतं. परत येताना बसमध्ये तेच ठरवत होते, काय काय बोलायचं. चूल पेटवणार नव्हते मी दुसऱ्या दिवशी. बसू देत उपाशी अकराच्या अकरा. पण अक्षर तुझं होतं. तू माझ्यासमोर रोज उभी राहायचीस आणि नाही म्हणाली होतीस. मग भांडायचं कुणासाठी, तेच मला कळेना."

"काकू, मी चौदा वर्षांची होते."

"हो. मला माहीत आहे तू किती वर्षांची होतीस. तुला मीच वाढवलं."

मी म्हटलं, चुकलं माझं. हेही म्हटलं, की आता मी सगळ्यांना सांगणार आहे, बाबांच्या तोंडावर सांगणार आहे. ती 'जाऊ दे' म्हणाली नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही. मला वाटत होतं ती फिरवेल. म्हणाली, "सांग. तुला सांगायचं असेल तर सांग. मला त्यातून आता दोन खोल्या मिळायच्या नाहीत. माझ्या पोरीने मला तीन दिल्या."

तिने तवा ठेवला. गोळा घेतला, लाटली, टाकली. साठ वर्षांच्या बाईचा हात, पण पोळी अजून तशीच फुगत होती. पहिली पोळी उतरवून तिने तूप लावलं, बोटांनी गूळ चुरडला, सुरळी केली. बत्तीस वर्षांची बाई मी, एका कंपनीत माझ्या हाताखाली वीस माणसं काम करतात, आणि माझा हात आपोआप पुढे गेला.

काकूने तो हात पाहिला. मग शेजारचा वर्तमानपत्राचा कागद फाडला, त्यात पोळी गुंडाळली आणि माझ्या हातावर ठेवली.

"खाली गेटपाशी गाय येते या वेळेला," ती म्हणाली. "जाऊन घालून ये."

मी लिफ्टने बारा मजले खाली उतरले. पोळी गरम होती, तूप कागदातून बोटांना लागत होतं. गेटबाहेर एक भाकड गाय खरंच उभी होती. तिने पोळी कागदासकट ओढली, मी कागद सोडवून घेतला. मी बोटं ओढणीला पुसली आणि वर आले. स्वानंदी टेबलाशी बसून दुसरी पोळी खात होती. शेजारी माझं ताट मांडलेलं होतं आणि त्यात तिसरी वाढलेली होती, कोरडी.